आई-बाबांना घेऊन ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदाच जातोय, कसं आखू?

मीठभाकर | 11 मे, रात्री 10:42

मंडळी, नमस्कार.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण गाडीने शार्लटहून ऑरलँडोला निघतोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक, ऑगस्टअखेर तीन पुरी करणारा धाकटा, आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. डिस्ने वर्ल्ड आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. तीन रात्री बसून वाचतेय आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय. चार पार्क, दोन वॉटर पार्क, वीस-पंचवीस हॉटेलं, त्यात ते अ‍ॅप, त्या लाइटनिंग लेन (जादा पैसे भरून लहान रांगेतून जायची सोय).

आईंचे दोन्ही गुडघे दुखतात. अर्धा तास चालतात, मग बसावंच लागतं. बाबा 74 वर्षांचे, कृषी खात्यातून निवृत्त, चालायला आमच्यापेक्षा तेज, पण साध्या जत्रेतल्या पाळण्यातही बसत नाहीत. शिवाय तेव्हा श्रावण असेल. आई महिनाभर कांदा-लसूण खात नाहीत आणि सोमवार धरतात.

प्रश्न असे:
चार दिवसांत चार पार्क होतील का? हॉटेल आतलं घ्यावं की बाहेर घर भाड्याने घ्यावं? लाइटनिंग लेनला पैसे घालावेत का? आईंच्या खाण्याचं काय?

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. बाबा परवा म्हणाले, "तुम्ही चौघं जाऊन या, आम्ही घर सांभाळतो." त्यांना आपण ओझं आहोत असं वाटतंय हे मला कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही. पोरांच्या मागे पिशव्या धरून उभं राहायला मला त्यांना न्यायचं नाहीये. त्यांचाही एक दिवस तिथे झाला पाहिजे. तो कसा होईल ते सांगा.

न्यूजर्सीकर | 11 मे, रात्री 11:15

आधी धाकट्याचं. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. वाढदिवस ऑगस्टअखेर असेल तर तारीख पुढे ढकलू नका! 3 ते 9 वयाला मुलांचं तिकीट आहे, पण मोठ्यांच्या तिकिटापेक्षा फार स्वस्त नसतं.

तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात. ऑगस्टचा तिसरा आठवडा चांगला निवडलात. फ्लोरिडातल्या शाळा 10 ऑगस्टच्या आसपास उघडतात, गर्दी एकदम उतरते.

चिमणराव_ठाणे | 12 मे, सकाळी 7:05

गर्दी उतरते, ऊन उतरत नाही. ऑगस्टात तिथे 33 अंश आणि मुंबईच्या मेसारखी चिकचिक. रोज दुपारी दोन-तीनच्या सुमारास आभाळ भरून येतं, वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद. रेनकोट इथूनच घेऊन जा आणि प्रत्येकाला बुटांचा दुसरा जोड असू द्या. ओल्या बुटांनी दुसऱ्या दिवशी पायाला फोड येतात.

उत्तरा_के | 12 मे, सकाळी 8:30

मीठभाकर, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसले. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या आईला 2023 मध्ये तिथे नेलं होतं.

पहिली गोष्ट, चाकाची खुर्ची. प्रत्येक पार्कच्या दारात भाड्याने मिळते. पण खुर्ची दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, सकाळी आत शिरतानाच घ्यायची. आमच्या घड्याळात एका दिवसात 19 हजार पावलं झाली होती. गुडघा एकदा सुजला की पुढचे तीनही दिवस गेले.

दुसरी, खुर्चीला "खुर्ची" म्हणू नका. आई म्हणाली होती, "मी काय आजारी आहे?" मग मी त्यात पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, पर्स ठेवली आणि म्हटलं, ही सामानाची गाडी. पहिला तास ती स्वतः ढकलत होती, दांडा धरल्याने तिला आधारही मिळत होता. अकरा वाजता म्हणाली, "जरा टेकते." त्यानंतर चार दिवस कुणी काही बोललं नाही, ना ती, ना आम्ही.

तिसरी, ज्या राइडमध्ये हलत्या पट्ट्यावरून डब्यात चढायचं असतं त्या आधी विचारून घ्या. मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर बसून आराम करायला फार छान म्हणून सगळे सांगतात, आणि आहेच छान, पण वर जायला चढता सरकता पट्टा आहे आणि चढायचं ते फिरत्या चकतीवरून. खुर्चीतून उठून स्वतः चालावं लागतं. आईंना जमेल का ते तुम्हीच ओळखाल. त्याच्या शेजारी कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आहे, तिथे काहीच त्रास नाही. थंडगार नाट्यगृह, वीस मिनिटं बसायचं, प्रेक्षागृहच फिरतं. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला खेळ आहे तो, एका घरात वीज आल्यापासून काय काय बदललं त्याचा. माझ्या आईला तो सगळ्यात आवडला. घरात पहिला मिक्सर आला तेव्हाची गोष्ट तिने तिथेच नातवाला सांगितली.

गंपू_सातारा | 12 मे, सकाळी 9:12

"सामानाची गाडी" भारी! आमच्या आजीला सांगून बघतो.

तळ्यातमळ्यात | 12 मे, दुपारी 1:20

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सहा जणांचं चार दिवसांचं तिकीट, हॉटेल, खाणं, पार्किंग मिळून मोठी रक्कम होते. ज्या माणसाला पाळण्यात बसायचंच नाही त्याला चार दिवस तिथे का न्यायचं? पोरांना दोन दिवस पार्क दाखवा. बाबांना तिथून तासाभरावरच्या केनेडी स्पेस सेंटरला न्या. सॅटर्न 5 चं खरं रॉकेट तिथे आडवं ठेवलंय, 363 फूट लांब. मी त्याच्या खालून चालत गेलो तेव्हा बोलतीच बंद झाली होती. माझे वडील आयटीआयमध्ये शिकवायचे. त्यांनी एकेका इंजिनासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मीठभाकर | 12 मे, दुपारी 2:02

राग कसला, मनापासून लिहिलंत. केनेडी डोक्यात आहे. पण बाबा यंत्रात रमणारे नाहीत, मातीतले आहेत. शार्लटला आल्यापासून आमच्या मागच्या अंगणात मेथी, वांगी, गवार लावून बसलेत.

सह्यकडा | 12 मे, दुपारी 2:40

मग एपकॉट! एपकॉटमध्ये 'द लँड' नावाची इमारत आहे, त्यात 'लिव्हिंग विथ द लँड' ही होडीची राइड. धक्का नाही, उंची नाही, अंधारात किंचाळणं नाही. होडी सावकाश आत जाते आणि पुढे चक्क खऱ्या हरितगृहांतून जाते. केळी, पपई, ड्रॅगन फ्रूट, मातीशिवाय पाण्यावर वाढवलेले टोमॅटो, माशांच्या टाक्या. काही रोपांची मुळं हवेत लोंबकळत असतात आणि त्यांच्यावर खतपाण्याचा फवारा मारतात. त्यातल्या भाज्या तिथल्याच उपाहारगृहांत वापरतात.

बाबांना आवडली तर 'बिहाइंड द सीड्स' म्हणून साधारण तासाभराची पायी सहल आहे. पैसे वेगळे पडतात आणि आधी जागा राखावी लागते. हरितगृहांच्या आतून फिरवतात, प्रश्न विचारता येतात.

कृषी खात्यातल्या माणसाला हे दाखवलं नाही तर काय दाखवलं?

मीठभाकर | 12 मे, दुपारी 2:44

सह्यकडा, तुमच्या तोंडात साखर पडो. हे मला तीन रात्रींत कुठेच दिसलं नव्हतं.

पावसाची_सर | 12 मे, रात्री 9:50

आतलं हॉटेल की बाहेरचं घर, यावर माझा अनुभव. आम्ही पहिल्यांदा डिस्नेजवळच्या किसिमी गावात घर भाड्याने घेतलं. फोटोत तरणतलाव, स्वयंपाकघर, सगळं चकाचक. पोचलो तर एसी एकाच खोलीत चालू आणि घरमालक फोन उचलेना. सासऱ्यांनी पहिली रात्र सोफ्यावर काढली. नशीब प्रत्येकाचं वेगळं असतं, कितीतरी ओळखीच्यांना तिथे उत्तम घरं मिळालीत, पण म्हाताऱ्यांना घेऊन जाताना मी पुन्हा ती जोखीम घेणार नाही.

दुसऱ्या वेळी डिस्नेचंच हॉटेल घेतलं. सहा जणांना आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधला फॅमिली सूट पुरतो, दोन न्हाणीघरं असतात. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे, शेगडी नाही. तिथून स्कायलायनर निघते, म्हणजे रोपवे. 2019 मध्ये सुरू झाली. मध्ये कॅरिबियन बीच हॉटेलपाशी एकदा बदलावी लागते, मग एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओजला नेते. वीज चमकली की तीही थांबते, तेव्हा बस. पार्कचं पार्किंग हॉटेलातल्या लोकांना फुकट आणि रोज सगळ्या पार्कांत बाकीच्यांपेक्षा अर्धा तास आधी प्रवेश. सकाळचा तो अर्धा तास सोन्यासारखा असतो.

पण खरा फायदा दुपारचा. साडेबारा-एकला खोलीवर परत या, आईंना आडवं होऊ दे, धाकट्याला झोपवा, आभाळ तेव्हाच कोसळतं. पाचला पुन्हा निघा.

न्यूजर्सीकर | 12 मे, रात्री 10:10

दुपारी परत येण्याला माझंही अनुमोदन. एक भर घालतो. मॅजिक किंगडमचं पार्किंग तळ्याच्या अलीकडे आहे. गाडी लावली की पुढे मोनोरेल किंवा बोट पकडायची, तेव्हा कुठे दारात पोचता. जायला-यायला तास गेलाच म्हणून समजा. हॉटेलची बस मात्र थेट दारात सोडते. त्या दिवशी गाडी हॉटेलातच राहू द्या.

आणि चार दिवसांचं तिकीट सलग वापरावं लागत नाही, सात दिवसांत केव्हाही. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

कॅल्शियम | 13 मे, सकाळी 6:48

जुने लेख वाचत असाल तर थांबा. फुकटचा फास्टपास संपून जमाना झाला. त्यानंतरचं जिनी प्लस हे नावही जुलै 2024 मध्ये गेलं. आता लाइटनिंग लेन मल्टी पास आणि सिंगल पास. मल्टीमध्ये सुरुवातीला तीन राइडच्या वेळा निवडायच्या, पहिली वापरली की पुढची घेता येते. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर मुक्कामाच्या सात दिवस आधी, बाहेर असाल तर तीन दिवस आधी, पूर्वेच्या वेळेनुसार सकाळी सातला उघडतं. सिंगल म्हणजे एखाद्या फार गर्दीच्या राइडचे सुटे पैसे.

जुन्या लेखांत मॅजिक किंगडमच्या चाकवाल्या वाफेच्या बोटीचं कौतुक असतं, तीही शोधू नका. ती नदीच जुलै 2025 मध्ये कायमची बंद केली.

तळ्यातमळ्यात | 13 मे, सकाळी 7:30

सहा जणांना चारही दिवस मल्टी पास घेऊ नका. ज्यांना राइडमध्ये बसायचंच नाही त्यांच्यासाठी कशाला? मॅजिक किंगडमच्या दिवशी फक्त लेकीला आणि तुमच्यापैकी एकाला घ्या. एपकॉट आणि अ‍ॅनिमल किंगडमला सकाळी लवकर गेलात तर नाही घेतला तरी चालतं.

पावसाची_सर | 13 मे, सकाळी 7:55

यात रायडर स्विचही सांगा. धाकटा उंचीत बसत नसेल तर एक पालक लेकीबरोबर जातो, दुसरा धाकट्याला धरून थांबतो, मग रांगेत पुन्हा उभं न राहता दुसरा पालक जातो. लेकीला बहुतेक दोनदा बसायला मिळतं! ही सोय फुकट आहे. राइडच्या दारात विचारा.

लेकीची उंची घरीच मोजून जा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला 97 सेंमी, स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला 112, ट्रॉनला 122. दारात मोजपट्टीखाली उभं केल्यावर रडणारी मुलं बघवत नाहीत.

गंपू_सातारा | 13 मे, सकाळी 11:00

अवांतर. उपासाला फ्रेंच फ्राइज चालतात का? बटाटाच तर आहे.

चिमणराव_ठाणे | 13 मे, सकाळी 11:04

तेल कशाचं ते विचारलंस का?

स्वयंपाकघर_ऑस्टिन | 13 मे, सकाळी 11:30

अवांतर नाही, आईंसाठी महत्त्वाचं आहे. त्याच कढईत दुसरं काय काय तळलेलं असतं, त्यामुळे कडक उपासाला आमच्याकडे चालत नाहीत. पण बाहेरचं खाणं पार्कात न्यायला परवानगी आहे! काचेची बरणी आणि सुटा बर्फ नको, एवढंच. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी, भाजलेला मखाणा. साबुदाण्याची खिचडी खोलीवर मायक्रोवेव्हमध्ये होते. रात्री भिजवून ठेवा, दाण्याचं कूट घरून कोरडं करून न्या. मध्ये दोनदा हलवायची, छान मोकळी होते.

पाणी विकत घेऊ नका. जिथे पेयं मिळतात त्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागा, फुकट देतात.

मॅजिक किंगडममध्ये अननसाचं डोल व्हिप मिळतं, मऊ आइस्क्रीमसारखं, पण त्यात दूध नसतं. माझ्या सासूबाईंनी भर उन्हात तीन संपवली.

उपास नसेल त्या दिवशी सानाला जेवा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं उपाहारगृह, पार्कचं तिकीट लागत नाही. नानचे प्रकार आणि त्याबरोबर चटण्या-कोशिंबिरींचा थाळा येतो. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. दुपारचं घ्या, रात्री बाहेर अंधार असतो. कांदा-लसणाचं आधी सांगा. कशात काय आहे ते स्वयंपाकी येऊन समजावतो.

आजोळ | 13 मे, दुपारी 4:15

मी आजी आहे, 69 वर्षांची, पुण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी लेकाने मला तिथे नेलं होतं. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मीठभाकर, तुमच्या सासऱ्यांनी "घर सांभाळतो" म्हटलं ना, तसंच मीही म्हटलं होतं. त्यात रुसवा नसतो हो. आपल्यामुळे मुलांची रांग चुकेल, पैसे वाया जातील, ही भीती असते. मला तिथे कशाने बरं वाटलं ते सांगते. लेकाने निघायच्या आधी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि विचारलं, तुला एकच गोष्ट बघायची तर काय? नातवाने रॉकेटची राइड सांगितली, सुनेने आतषबाजी. माझी पाळी आली तर मी म्हटलं, मला काय माहीत तिथे काय आहे. तो लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि तासभर दाखवत राहिला. मी जिराफ निवडला. अ‍ॅनिमल किंगडममध्ये उघड्या गाडीतून रानात नेतात. सकाळी नऊला आम्ही पहिले तिथे गेलो, माझ्यासाठी. जिराफ गाडीसमोर येऊन उभा राहिला, गाडी थांबली, दोन मिनिटं आम्ही सगळे गप्प.

त्या गाडीला धक्के बसतात. आईंना मधल्या बाकावर बसवा, मागे नको.

सह्यकडा | 13 मे, दुपारी 4:31

आजी, असंच लिहीत राहा.

उत्तरा_के | 13 मे, संध्या 6:00

+1. एका माणसाची एक गोष्ट, आणि ती दिवसाच्या सुरुवातीला. उरलेल्या वेळात जे होईल ते होईल.

कॅल्शियम | 13 मे, रात्री 8:20

बाबागाडीचं सांगतो. राइडबाहेर शेकडो सारख्या दिसणाऱ्या गाड्या लावलेल्या असतात आणि तिथले कर्मचारी त्या नीट लावायला हलवतात. बाहेर आल्यावर आपली सापडत नाही. दांड्याला एखादी भडक ओढणी बांधा. आणि फोनला जास्तीची बॅटरी ठेवा. तिकीट, नकाशा, जेवणाची ऑर्डर सगळं फोनवर.

चिमणराव_ठाणे | 14 मे, सकाळी 7:40

आतषबाजीबद्दल. मॅजिक किंगडममध्ये चांगली जागा धरायला तासभर आधी उभं राहावं लागतं आणि संपल्यावर लोंढा बाहेर पडतो. आम्ही आईला घेऊन तळ्यापलीकडे, मोनोरेल सुटते त्या तिकीट सेंटरजवळच्या काठावर बसलो होतो. किल्ला लहान दिसतो पण आकाश सगळं आपलंच.

तळ्यातमळ्यात | 14 मे, सकाळी 8:00

चार पार्क बघणाऱ्यांनी अंतराची कल्पना करून घ्या. सगळी जागा मिळून शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मॅजिक किंगडम 1971 चं, एपकॉट 1982, हॉलिवूड स्टुडिओज 1989, अ‍ॅनिमल किंगडम 1998. एकातून दुसऱ्यात जायला बहुतेक वेळा बस किंवा गाडी लागते. एका दिवसात दोन पार्क करायचा पार्क हॉपर पहिल्या खेपेला अजिबात घेऊ नका.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, फेरी सव्वा मैलाच्या आसपास. तो भाग सकाळी अकराला उघडतो. त्याआधी होडी करून घ्या. (भारत त्या अकरांत नाही. दरवेळी शोधतो, दरवेळी वाईट वाटतं.)

मीठभाकर | 14 मे, रात्री 11:05

आज आजींच्या सांगण्यासारखंच केलं. सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. लेक म्हणाली, माइन ट्रेन. आई म्हणाल्या, "आतषबाजी, पण बसून." नवरा म्हणाला सॅटर्न रॉकेट (तळ्यातमळ्यात, हे तुमच्यामुळे!). बाबांना हरितगृहाचा व्हिडिओ लावून दिला. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे परत लाव."

हॉटेल ठरलं, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. तीनच पार्क करतोय, हॉलिवूड स्टुडिओज सोडला. एक दिवस केनेडी, एक दिवस नुसता आराम.

पावसाची_सर | 15 मे, सकाळी 7:10

सोडलात ते उत्तम केलंत. आल्यावर लिहा!

आजोळ | 28 ऑगस्ट, सकाळी 10:20

धागा वर काढतेय. पोचलात का घरी? कसं झालं?

मीठभाकर | 30 ऑगस्ट, रात्री 9:30

पोचलो हो आजी. धाकट्याचा वाढदिवस आटोपला आणि आता निवांत लिहिते.

सगळं ठरल्यासारखं झालं नाही. मॅजिक किंगडमच्या दिवशी पाऊस दुपारी न येता सकाळी साडेदहालाच आला. माइन ट्रेन बंद, लेकीचा चेहरा एवढासा. आम्ही सगळे कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये जाऊन बसलो, ओलेचिंब. तिथे आईंनी लेकीचे केस पुसता पुसता सांगितलं की त्यांच्या माहेरी तासगावला वीज आली त्या रात्री सगळी गल्ली दिव्याखाली उभी होती आणि कुणी आत जेवायला जाईना. बाहेर आलो तर ऊन. गाडी सुरू झाली होती. रायडर स्विचमुळे लेक दोनदा बसली.

"सामानाची गाडी" आईंनी पंधरा मिनिटं ढकलली. मग स्वतःच बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "आता तुम्ही ढकला, पन्नास वर्षं मी ढकललंय." बाबा इतके हसले की थांबून उभे राहिले.

अ‍ॅनिमल किंगडमला बाबागाडी हरवली. वीस मिनिटं शोधली, चांगली लांब दुसऱ्या रांगेत सापडली, केशरी ओढणी लांबून दिसली म्हणून. कॅल्शियम, ओढणीबद्दल धन्यवाद.

आता एपकॉट. सोमवार होता, आईंचा उपास. सकाळी सगळ्यात आधी होडी. पहिल्या अंधाऱ्या भागात बाबा गप्प होते. मला वाटलं कंटाळले. मग होडी हरितगृहात शिरली, लख्ख उजेड झाला आणि बाबा एकदम उभे राहायला लागले, मी हात धरून खाली बसवलं. केळीचा घड बघून त्यांनी लगेच अंदाज सांगितला, किती किलोचा असेल. पुढे एका झाडाकडे बोट दाखवून मोठ्याने ओरडले, "फणस! अगं, फणस!" होडीत सगळे वळून बघायला लागले. आणि आमच्या मागच्या बाकावरून एक आवाज आला, "कापा की बरका?"

मागे कोल्हापूरकडचं एक जोडपं होतं, डॅलसला राहणारं. उतरल्यावर बाबा त्यांच्याशी अर्धा तास उभे राहून बोलले. आई खुर्चीत बसून चिक्की वाटत होत्या. त्या बाईंचाही सोमवार होता.

होडी आम्ही तीनदा केली. दुपारी बाबा आणि लेक दोघंच बिहाइंड द सीड्सला गेले. लेक दुभाषी. बाबांनी खिशातली छोटी वही नेली होती, जिच्यात ते शार्लटच्या अंगणातल्या वांग्यांची नोंद ठेवतात. लेक सांगत होती, आजोबांनी पाण्याच्या पीएचचा प्रश्न विचारला तेव्हा ती दाखवणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, हे कुणी विचारत नाही. फेरी संपल्यावरही ती दहा मिनिटं त्यांच्याशी बोलत राहिली. लेकीला "मुळं" आणि "फवारा" हे इंग्रजीत येत होतं पण "खतपाणी" अडलं. तिने खुणांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा वहीत काहीतरी रेखाटत होते. आमच्या पत्र्याच्या शेडला वरून पाइप कसा टांगायचा त्याचं चित्र. पाइपची माझ्याकडून ऑर्डरही करून घेतलीय.

आतषबाजी तळ्याकाठी बसून पाहिली. आईंनी धाकट्याला मांडीवर घेतलं होतं, तो पहिल्या आवाजाला दचकला आणि मग झोपला. शेवटपर्यंत झोपला.

सह्यकडा | 30 ऑगस्ट, रात्री 9:52

वाचताना डोळे भरून आले. वहीतल्या चित्राचा फोटो टाका ना.

तळ्यातमळ्यात | 30 ऑगस्ट, रात्री 10:15

मी मे महिन्यात "बाबांना का न्यायचं" असं विचारलं होतं. ते विचारायला नको होतं. रॉकेट आवडलं का सगळ्यांना?

मीठभाकर | 30 ऑगस्ट, रात्री 10:21

असं म्हणू नका, तुम्ही विचारलंत म्हणून तर मातीचा विषय निघाला. रॉकेट नवऱ्याला आणि आईंना आवडलं. आईंनी त्याची लांबी खुर्चीतून मोजली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

नवी_पालवी | 31 ऑगस्ट, सकाळी 6:40

आम्ही डिसेंबरात आई-बाबांना नेतोय. तेव्हा कसं असेल?

न्यूजर्सीकर | 31 ऑगस्ट, सकाळी 7:15

डिसेंबरचे पहिले दोन आठवडे हवा सुंदर. ख्रिसमसचा आठवडा मात्र टाळा, गर्दीही कमाल आणि तिकिटंही सगळ्यात महाग. सकाळी स्वेटर लागेल, दुपारी नाही.

गंपू_सातारा | 31 ऑगस्ट, सकाळी 9:00

पण फणस कापा होता की बरका?

मीठभाकर | 31 ऑगस्ट, सकाळी 9:40

बाबांना विचारलं. म्हणाले, "होडीतून कसं कळणार? चिरल्यावरच कळतं."